चौथं कडवं

केप्याला फेस्ताचा मंडप.
सातचा तियात्र, साडेआठ झाले तरी पडदा हलत नाही.
मी शाणू वेळीप, चंद्रेश्वर साऊंडचा मालक,
हमालही मीच:
आठ बॉक्स, एक मिक्सर, चार माईक,
त्यातला एक मेलेला, पण स्टँडवर शोभून दिसतो.

याच माईकवर शनिवारी साहेबांची सभा झाली.
मधल्या थुंकीसाठी मी स्पिरिटचा बोळा ठेवतो.
माईकला पक्ष नसतो, असं गिऱ्हाइकाला सांगतो,
भाडं दोघांना एकच लावतो;
ओर्लांद कुलासो त्याच रात्री देतो,
साहेबांकडून येतं पावसाळा सरल्यावर.

पहिला प्रवेश संपून पडदा पडला
आणि ओर्लांद पुढे आला. बुटांना पॉलिश,
दम्याने उचललेली छाती,
ट्रंपेटवाल्या इनासकडे नुसती एक भुवई.
पहिलं कडवं शिंप्याचं:
साहेबांचं माप वीस वर्षं तेच,
फक्त कापडाचा रंग विचारायला
शिंपी रोज सकाळी फोन करतो.
मैदान फुटलं.
दुसरं पुलाचं:
उद्घाटन तीनदा झालं,
आमंत्रण तेवढं नदीला गेलं नाही.
वन्स मोर!
यमकाआधी तो अर्धा श्वास थांबतो,
आणि यमक लोकच टाकतात त्याच्या तोंडातून काढून.

पहिल्या रांगेत साहेब.
सगळ्यांत आधी हसले ते,
सगळ्यांत उशिरा थांबले तेही.
रुमालाने डोळे टिपले,
शेजारच्याला कोपर मारून म्हणाले,
माझ्यावरच आहे हां हे.

तेव्हाच माझ्या पोटात कालवलं.
फेकलेला चिखल
कोणी अत्तरासारखा मनगटाला चोळला
तर फेकणाऱ्याने काय करायचं?

चौथं कडवं मी तालमीत ऐकलं होतं.
त्यात हसण्यासारखं कमी होतं.
रात्री डोंगर निजला तेव्हा गावाचा,
सकाळी उठला तो भाच्याच्या नावावर.
भाच्याचं नाव, पाळण्यातलंसुद्धा.
आणि सर्व्हे नंबर.

तिसरं संपता संपता एकजण टेबलाशी आला,
पांढरा शर्ट, हातात सोड्याची बाटली.
धमकी वगैरे काही नाही.
म्हणाला, शाणू, आवाज जरा जास्त होतोय,
पुढे म्हातारी माणसं आहेत.
मग, जाता जाता,
यंदा नरकासुराच्या रात्रीचं साऊंड
कोणाला द्यायचं ते ठरतंय.

कोणी माईक हिसकावला नाही.
कोणी लाईट घालवली नाही.
अंगठा माझा होता,
फेडरवर, सातवरून दोनवर,
दोन काजूबियांएवढं अंतर.

ओर्लांद गात राहिला.
इनासची ट्रंपेट मी उघडीच ठेवली होती,
ती सगळ्या डोंगरावरून फिरली.
लोकांना हलणारं तोंड दिसलं,
अर्धा श्वास दिसला,
आणि यमकाची जागा आली असं समजून
ते हसले.
शब्द एकही पोचला नव्हता.
हसण्यात काही कमी नव्हतं.

मध्यरात्री वायरी गुंडाळत होतो, तो आला.
चौथ्याला काय झालं रे?
लूज कनेक्शन, मी म्हणालो.
त्याने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं की घड्याळाकडे,
अंधारात सांगता येत नाही.
पैसे दिले, पूर्ण, नेहमीसारखे.
मोजले तर एक नोट जास्त,
आणि त्याची गाडी तिठ्यापार गेलेली.

मी सातवर ठेवलं असतं तर
डोंगर वाचला असता असं नाही.
साहेब कदाचित त्यावरही हसले असते.
कदाचित. ते बघायचं राहून गेलं.

आता तिथे जेसीबी आहे.
काकोड्याचा बोस्त्यांव चालवतो,
खोदताना शिंप्याचं कडवं शिट्टीवर घेतो.
सुरात घेतो, खोटं कशाला बोलू.
चारही कडव्यांची चाल एकच.
मी खाली रस्त्यावर टेम्पो उभा करून
त्याच्या शिट्टीत चौथ्याचे शब्द घालून बघतो:
सर्व्हे नंबर
बरोबर समेवर पडतो.